स्क्रॅचबिल्ड इमारती (एचओ, १:८७): चुका कुठे होतात आणि का होतात

रूळजोड

किट न घेता साध्या शीटमधून आणि पट्ट्यांमधून रेल्वे मॉडेलच्या इमारती बांधणाऱ्यांसाठी हा धागा. पूर्ण झालेल्या इमारतींचे फोटो भरपूर सापडतात. भिंत का वाकली, छप्पर आखूड का पडलं, खिडक्या भिंतीवर स्टिकर लावल्यासारख्या का दिसतात, ही माहिती मात्र विखुरलेली आहे. माझं ठाम मत असं की यातल्या बहुतेक चुका ब्लेड हातात घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. माप, थरांचा क्रम आणि गोंद या तीन जागी त्या होतात, आणि दिसतात शेवटी. म्हणून चूक लिहिताना कारणासकट लिहू या. नुसतं 'काळजीपूर्वक करा' म्हणून कुणाला काही कळत नाही.

आकडे जुळवता यावेत म्हणून एकच इमारत धरतो. एकमजली विटांचं स्टेशन, लांबी १४ मी., रुंदी ६ मी., जोत्यापासून वळचणीपर्यंत उंची ३.६ मी., दुपाखी छप्पर, उतार ३५ अंश. १:८७ मध्ये हे १६१ × ६९ × ४१.४ मिमी होतं.

पहिली चूक फोटोवरून माप घेताना होते. जमिनीवर उभं राहून कॅमेरा वर करून काढलेल्या फोटोत वरचे वीटथर खालच्यांपेक्षा लहान येतात. अशा फोटोवर पट्टी लावली की भिंत बुटकी निघते. त्यापेक्षा थर मोजा. वीट ६५ मिमी जाडीची आणि सांधा १० मिमीचा असेल तर एक थर ७५ मिमी, चार थर ३०० मिमी, आणि आपल्या भिंतीचे बरोबर ४८ थर. वीट सगळीकडे एकाच मापाची नसते, त्यामुळे आधी एक वीट आणि एक सांधा प्रत्यक्ष मोजा, मग गुणाकार करा. जागेवर जाता येत असेल तर भिंतीला टेकवून २ मीटरची, दर २०० मिमीला रंग बदललेली काठी उभी करा आणि भिंतीच्या काटकोनात उभं राहून फोटो काढा. दारं, खिडक्या, पन्हळीचे पाइप हे सगळं या काठीवरून मोजता येतं.

दुसरी चूक विटांची उठावाची शीट निवडताना होते. १:८७ मध्ये ७५ मिमीचा थर ०.८६ मिमी येतो. १:७६ साठीच्या शीटवर तोच थर साधारण १ मिमी असतो. ती शीट वापरून भिंत ४१.४ मिमी उंच कापली तर ४८ च्या जागी ४१ थर बसतात. प्रत्येक वीट थोडी मोठी दिसते आणि इमारत खेळण्यासारखी वाटते, पण नेमकं काय चुकलंय ते सापडत नाही. शीट घेतल्यावर वीस थरांची उंची मोजून वीसने भागा. एकच थर मोजू नका, त्यात पट्टीची चूक माप गिळून टाकते.

विटांची रचनाही बघा. एकाच थरात आडवी वीट आणि तिचं टोक आलटून पालटून दिसत असेल तर तो फ्लेमिश बाँड. एक थर पूर्ण आडव्या विटांचा आणि पुढचा पूर्ण टोकांचा असेल तर इंग्लिश बाँड. सगळ्या विटा आडव्याच दिसत असतील तर भिंत अर्ध्या विटेची किंवा पोकळीची आहे. जुन्या, भार पेलणाऱ्या जाड भिंतीला ही तिसरी शीट लावली की जाणकाराला लगेच खटकतं.

कापण्याआधी पातळ पुठ्ठ्याचा साधा खोका करून तो रुळांशेजारी ठेवा आणि आठवडाभर तिथेच राहू द्या. जागा कमी पडते हे इथे कळलं तर फक्त पुठ्ठा वाया जातो.

फाटक_क्र_९

खोक्याच्या मुद्द्याला +१. मात्र खोका सरळ रुळाशेजारी ठेवून भागत नाही, वळणावर डबा बाहेर किती झुकतो ते मोजायला हवं.

डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चाकांची गाडी.) आतलं सरकणं = बोगींमधल्या अंतराचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या). बाहेरचं = (पूर्ण लांबीचा वर्ग − बोगींमधल्या अंतराचा वर्ग) ÷ (८ × त्रिज्या).

२६.४ मीटरचा युरोपीय डबा एचओमध्ये पूर्ण लांबीचा केला तर ३०३ मिमी, बोगींमधलं अंतर १९ मी. म्हणजे २१८ मिमी. त्रिज्या ४५० मिमी असेल तर आत १३.२ मिमी आणि बाहेर १२.३ मिमी. डब्याची अर्धी रुंदी सुमारे १६.२ मिमी. २ मिमी मोकळीक धरली तर फलाटाची कड सरळ रुळावर मध्यरेषेपासून साधारण १८ मिमी चालते, वळणाच्या आतल्या बाजूला ती ३१.५ मिमी लागते आणि बाहेरच्या बाजूला ३०.५ मिमी. फरक बघा. सरळ रुळावरचं माप वळणावर वापरलं की पहिलाच डबा फलाट खरवडतो.

बाजारातले बरेच डबे मुद्दाम आखूड केलेले असतात, २८२ किंवा २६४ मिमी. म्हणून हिशोब आपल्याकडच्या सर्वांत लांब डब्यावर करा. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर आणि पायऱ्या खालच्या उंचीवर जास्त रुंद असतात. त्या फलाटाला वेगळ्या तपासा.

फलाटाची उंची नेहमी रुळाच्या माथ्यापासून मोजा. युरोपातला ५५० मिमीचा फलाट ६.३ मिमी, ७६० मिमीचा ८.७ मिमी. रूळ, स्लीपर आणि खालचा कॉर्क मिळून किती जाडी होते ते स्वतःच्या तुकड्यावर मोजून त्यात मिळवा. पाटापासून (मॉडेल ज्या फळीवर उभं असतं तिच्यापासून) मोजलेला फलाट हमखास बुटका होतो.

नवखा_स्टेशनमास्तर

खूप उपयोगी. दोन शंका. १ मिमीच्या स्टायरिनवर (मॉडेलसाठीची प्लास्टिक शीट) ०.५ मिमीची विटांची शीट सॉल्व्हंटने चिकटवली, दिसायला उत्तम होती. तीन आठवड्यांनी लांब भिंत मध्यभागी जवळजवळ २ मिमी फुगली. गोंद कमी पडला का? आणि कोपऱ्यात वीटथर वळताना मध्ये प्लास्टिकची गुळगुळीत उभी पट्टी दिसते, ती कशी घालवायची?

रूळजोड

गोंद कमी पडला नाही, जास्त झाला. सॉल्व्हंट (ब्युटॅनोन, किंवा एसीटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असलेलं पातळ सिमेंट) प्लास्टिक विरघळवून जोडतं आणि मग उडून जातं. दोन मोठ्या शीटच्या मध्ये पसरवलं की त्याला उडायला वाट उरत नाही. ते कित्येक दिवस आत राहतं, पातळ शीट मऊ करतं आणि हळूहळू बाहेर पडताना ती आकसते. एका बाजूला ०.५, दुसऱ्या बाजूला १, आणि आकसणं असमान, म्हणून भिंत धनुष्यासारखी होते. वजनाखाली चोवीस तास ठेवून हे थांबत नाही, कारण वजन काढल्यावरही सॉल्व्हंट आत असतंच.

भिंत तीन थरांची करा. बाहेर विटांची ०.५ मिमी, मध्ये साधी ०.७५ मिमी, आत पुन्हा ०.५ मिमी. एकूण १.७५. दोन्ही बाहेरचे थर सारख्या जाडीचे असल्याने ओढ दोन्हीकडे सारखी राहते. मधल्या आणि आतल्या थरात एकाच जागी ३ मिमीची भोकं पाडा, दर २०–२५ मिमीला एक. सॉल्व्हंटला बाहेर पडायची वाट हीच. तिन्ही थर एकाच बैठकीत जोडा, नाहीतर पहिले दोन थर आधीच वाकून बसतात. ब्रशने सगळीकडे सॉल्व्हंट फासू नका. कडा, खिडक्यांचे काठ आणि या भोकांमधून थेंब सोडा, तो आपोआप फटीत ओढला जातो. नंतर दोन काचांमध्ये एक दिवस दाबून ठेवा आणि मग भिंती उभ्या करण्याआधी किमान आठवडा मोकळ्या हवेत राहू द्या.

काम उघड्या खिडकीपाशी करा आणि बाटलीचं झाकण दर वेळी लावा. डायक्लोरोमिथेन असलेला गोंद असेल तर नायट्राइल हातमोज्यांवर विसंबू नका, ते त्यातून काही मिनिटांत आरपार जातं.

आता कोपरा. संपूर्ण १.७५ मिमी जाडी ४५ अंशांत घासायची गरज नाही. फक्त बाहेरची ०.५ मिमीची विटांची शीट ४५ अंशांत घासा. लांब भिंतीचे आतले दोन थर टोकापासून ०.५ मिमी मागे ठेवा, आखूड भिंतीचे १.७५ मिमी मागे. आतले थर एकमेकांवर अडकतात, कोपरा आपोआप काटकोनात येतो आणि बाहेर फक्त दोन पातळ कडा जुळवायच्या उरतात. घासताना विटांच्या पृष्ठभागाच्या कडेला धक्का लावू नका. ती धार जिथे गेली तिथेच ती गुळगुळीत पट्टी दिसते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही भिंती शीटवर एकाच थराच्या रेषेपासून कापा. तळाची रेषा अर्ध्या थराने जरी सरकली तरी कोपऱ्यात थर जुळत नाहीत, आणि हे चिकटवल्यावर दुरुस्त होत नाही. कोपऱ्याच्या आत ४ × ४ मिमीची पट्टी लावा, गुण्या लावून तपासा. लांब भिंतीला दर ५०–६० मिमीवर आडवी विभाजक भिंत द्या. खोका सर्व बाजूंनी बंद करू नका. तळाला ५–६ मिमीची दोन-तीन भोकं हवीतच. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि काही महिन्यांनी छप्पर बसतं.

पुठ्ठाप्रेमी

हा सगळा त्रास प्लास्टिकचा आहे. १.४ ते १.५ मिमीचा माउंटबोर्ड (जाड, कडक पुठ्ठा) घ्या, सॉल्व्हंटचा प्रश्नच येत नाही. इंग्लंडमधल्या पेंडन म्युझियममध्ये १९३० च्या दशकात रॉय इंग्लंड यांनी ४ मिमी स्केलवर (१ फुटाला ४ मिमी, म्हणजे सुमारे १:७६) सुरू केलेलं गावाचं मॉडेल आहे. त्यातली घरं पुठ्ठ्याची, विटा एकेक कोरलेल्या आणि जलरंगाने रंगवलेल्या. पुठ्ठा टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती बघावीत.

पुठ्ठा बिघडतो तो पाण्यामुळे. एकाच बाजूला पांढरा गोंद पसरवून छापील विटांचा कागद लावला की ती बाजू आधी फुगते, मग सुकताना आकसते आणि भिंत कागदाच्या बाजूला वळते. उपाय साधा आहे. कापण्याआधी दोन्ही बाजूंना शेलॅकचा (लाखेच्या व्हार्निशचा) पातळ हात द्या. बाहेर कागद लावला की आतही तेवढ्याच जाडीचा साधा कागद लावा. सगळ्या थरांचं ग्रेन (तंतूंची दिशा) एकाच दिशेला ठेवा. ग्रेन ओळखायचं असेल तर चौकोनी तुकडा दोन्ही दिशांना हलकेच वाकवा, ज्या दिशेला सहज वळतो त्या घडीच्या रेषेला समांतर ग्रेन असतं.

आणखी एक, कापलेल्या कडा. पांढरी कड दिसली की सगळी मेहनत वाया जाते. जोडण्याआधी प्रत्येक कड विटांच्याच रंगाने रंगवा. नंतर कोपऱ्यात ब्रश नीट पोचत नाही आणि रंग छापील बाजूवर पसरतो.

रूळजोड

सहमत, पुठ्ठा उत्तमच. खिडकीच्या कडा, कोरीव कमानी अशा बारीक जागी मात्र पुठ्ठ्याला लव सुटते, तिथे मला स्टायरिन बरं वाटतं. पुठ्ठ्याचा सांगाडा आणि बाहेर विटांची प्लास्टिक शीट अशी मिश्र भिंत करायची असेल तर पांढरा गोंद चालणार नाही, तो गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही. दोन्ही बाजूंना लावायचा, पाणी नसलेला कॉन्टॅक्ट गोंद घ्या. आधी सुट्या तुकड्यावर लावून बघा, कारण काही कॉन्टॅक्ट गोंद पातळ स्टायरिनला खातात.

नवखा_स्टेशनमास्तर

भिंतीचं कळलं. खिडक्यांचं सांगाल का? भोकांच्या कोपऱ्यात ब्लेड पुढे सरकतं आणि विटेवर चरा पडतो. काच सुपरग्लूने लावली तर ती पांढुरकी झाली.

रूळजोड

भोकं भिंत शीटपासून सुटी करण्याआधी कापा, मोठी शीट हलत नाही. खूण ०.३ मिमी पेन्सिलने. मार्करने करू नका, त्याची शाई रंगाच्या थरांतून वर येते. चारही कोपऱ्यांत १ मिमीची भोकं पाडा, ब्लेड नेहमी कोपऱ्यावर टेकवून मध्याकडे ओढा. मग ते कोपऱ्याच्या पुढे जाऊच शकत नाही. पहिला हात अगदी हलका, फक्त वाट पाडण्यापुरता. ०.५ मिमीला तीन-चार हात पुरतात. जोर लावून एका हातात कापायला गेलं की ब्लेड तिरकं शिरतं आणि भोक मागच्या बाजूला मोठं होतं.

मधल्या थरातलं भोक सुरुवातीला चारी बाजूंनी अर्धा मिमी लहान ठेवा. थर जोडून सुकल्यावर बाहेरच्या भोकाच्या कडेपर्यंत चपट्या कानशीने घासून आणा. आतल्या थरातलं भोक मात्र चारी बाजूंनी १.५ मिमी मोठं. म्हणजे मागून ०.५ मिमी खोलीची खाच तयार होते, तिच्यात ०.२५ ची चौकट आणि ०.२५ ची काच बरोबर बसते. समोरून खिडकी १.२५ मिमी आत दिसते, म्हणजे खऱ्या इमारतीतले सुमारे ११० मिमी. खिडकी स्टिकरसारखी दिसण्याचं कारण हेच: चौकट भिंतीच्या पृष्ठभागाला लागून असते, सावलीच पडत नाही. भोकाच्या आतल्या उभ्या कडेवर बाहेरच्या सांध्यांच्या रेषा ब्लेडच्या टोकाने पुढे ओढायला विसरू नका.

भोकाच्या वर कमान किंवा लिंटेल (आडवी तुळई) हवंच. विटांच्या मधोमध नुसतं चौकोनी भोक म्हणजे वरच्या विटा हवेत. सरळ लिंटेलसाठी वरचे तीन थर घासून सपाट करा आणि उभ्या विटा कोरलेली ०.२५ मिमीची पट्टी बसवा. खालचं सिल (खिडकीचा उंबरठा) ०.५ मिमी बाहेर काढा.

तावदानांच्या पट्ट्या प्रत्यक्षात २० मिमीच्या आसपास असतात, म्हणजे ०.२३ मिमी. ०.५ मिमीच्या पट्ट्या वापरल्या की खिडकी तुरुंगाच्या गजांसारखी दिसते. ०.२५ मिमीची पट्टी हाताळायला अवघड वाटत असेल तर चिकट लेबलचा कागद आधी रंगवा, नव्या ब्लेडने बारीक पट्ट्या कापा आणि पारदर्शक शीटवर थेट लावा. शीटखाली चौकटीचं रेखाचित्र ठेवा. रेझिन प्रिंटरवर छापलेल्या चौकटीही चालतात, पण त्यात पट्टी ०.३ मिमीच्या खाली गेली की ती वाकडी निघण्याचं प्रमाण वाढतं.

काच पांढुरकी होते ती सुपरग्लूच्या वाफेमुळे. ती वाफ आजूबाजूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसते. काचेसाठी सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरा, आणि काच नेहमी रंगकाम व मॅट व्हार्निश झाल्यावर बसवा.

कौलारू

छपराकडे वळतो, कारण सर्वांत जास्त शीट इथे वाया जाते.

रूळजोड यांच्या इमारतीची रुंदी ६९ मिमी. अर्धी ३४.५, वळचण ४ मिमी बाहेर, म्हणजे ३८.५. पण हे आडवं माप झालं. पाखं उतारावर असतं, म्हणून ३८.५ ला ३५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.८१९ ने भागायचं. उत्तर ४७ मिमी. नकाशावरचं ३८.५ घेऊन कापलं तर पाखं साडेआठ मिमीने आखूड पडतं आणि आढ्याला फट राहते. त्रिकोणी भिंतीची उंची ३४.५ × ०.७ = २४.२ मिमी. आढ्याला दोन्ही पाखं मिळतात ती कड ३५ अंशांत तासा, नाहीतर जाड शीट वरून उघडी राहते आणि ती भरायला लावलेली लांबी आढ्याच्या कौलांखाली फुगवटा करते.

पाख्याला १ मिमीचा आधार पुरे, पण खाली ३५ मिमीवर एक अशा आडव्या त्रिकोणी फासळ्या हव्यात. छप्पर चिकटवू नका. आतून चारी बाजूंना ओठ देऊन ते झाकणासारखं काढता येईल असं ठेवा. दिवा बदलायला, पडलेली काच लावायला आत हात जायला हवा.

स्लेटचं (पातळ दगडी पाट्यांचं) छप्पर असेल तर आधी हिशोब. ५०० × २५० मिमीची स्लेट, ७५ मिमीचा हेडलॅप (स्लेट दोन ओळी खालच्या स्लेटवर जेवढी चढते तो भाग), म्हणजे दिसणारा भाग (५०० − ७५) ÷ २ = २१२.५ मिमी. स्केलमध्ये २.४४ मिमी उंच आणि २.९ मिमी रुंद. ४७ मिमीच्या पाख्यावर एकोणीस-वीस ओळी. खरी स्लेट ५ ते ८ मिमी जाड असते, स्केलमध्ये ०.१ मिमीच्याही आत. म्हणून साधा ८०–१०० ग्रॅमचा कागद योग्य. ०.२५ मिमीचं प्लास्टिक म्हणजे २२ मिमी जाडीची फरशी होते.

कागदाच्या ५ मिमी उंच पट्ट्या कापा, दर २.९ मिमीला अर्ध्यापर्यंत चिरा द्या. पाख्यावर ओळींच्या खुणा एकाच टोकापासून मोजून करा: २.४४, ४.८८, ७.३२ अशा. कंपास २.४ वर लावून एकेक पाऊल टाकत गेलात तर एकोणिसाव्या ओळीला पाऊण मिमीची चूक साठते, आणि दोन्ही पाख्यांच्या ओळी आढ्याला जुळत नाहीत. वळचणीला पहिली ओळ दुहेरी. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा अर्ध्या स्लेटने सरकवा. कागदावरून सॉल्व्हंटचा ब्रश फिरवला की ते झिरपून खालच्या स्टायरिनला कागद धरवतं. चिकट लेबल सोपं वाटतं, पण त्याचा गोंद वाळला की कोपरे उचलतात, म्हणून वरून व्हार्निशने ते बंद करणं भाग आहे.

पन्हळ आणि पाइप विसरू नका. पन्हळ ११० मिमीच्या आसपास, म्हणजे १.३ मिमी, पाइप ७५ मिमी म्हणजे ०.८५. ०.८ मिमीची पितळी तार पाइपला उत्तम. पन्हळीविना वळचण उघडी पडते आणि छपराची जाडी लगेच डोळ्यात भरते.

मंद_रंग

रंगाबद्दल थोडं. १:८७ मध्ये १० मिमीचा सांधा ०.११ मिमी येतो. मॉडेल ६० सेंमीवरून बघणं म्हणजे खरी इमारत ५२ मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरावरून सांधे सुटे दिसत नाहीत, ते फक्त भिंतीचा एकूण रंग थोडा फिका करतात. तरीही शुभ्र पांढऱ्या रंगाने सांधे भरलेल्या भिंती सतत दिसतात. सांध्यासाठी फिका, मळकट राखाडी-पिवळसर रंग घ्या.

क्रम असा: राखाडी प्रायमर, त्यावर विटांचा मॅट ॲक्रिलिक रंग. मग एकूण विटांपैकी दहातली एक वीट गडद आणि एक फिकी, सुट्या सुट्या, ओळीत येऊ न देता. चोवीस तासांनी सांध्याचा पातळ रंग एका वेळी ४० मिमी रुंद पट्ट्यावर फिरवा आणि दोन-तीन मिनिटांत ओलसर कापडाने तिरका पुसा. सांध्यांच्या रेषेत पुसला तर त्यांतला रंग निघून येतो. पूर्ण भिंत एकदम रंगवली तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात वाळलेली असते.

एनॅमलचा वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) द्यायचा असेल तर आधी ॲक्रिलिक रंगाने प्लास्टिक पूर्ण झाका. व्हाइट स्पिरिट उघड्या, ताणाखालच्या स्टायरिनवर साचलं की तडे जातात, विशेषतः कोपऱ्याच्या सांध्यात. आणि मॅट व्हार्निश दमट हवेत फवारू नका, त्यात ओल अडकून पांढरी धूळ बसल्यासारखं दिसतं. मळकटपणा दाखवायला कोरडी रंगाची पावडर लावल्यावर वरून व्हार्निश मारलं तर अर्धा परिणाम नाहीसा होतो, म्हणून पावडर थोडी जास्त लावा किंवा शेवटी लावून तशीच सोडा.

दीड_व्होल्ट

आतल्या दिव्यांची एक चूक इथे नमूद करायला हवी, कारण ती वरच्याच तीन थरांच्या भिंतीशी जोडलेली आहे. ३ मिमीची जी भोकं पाडली, तिथे फक्त ०.५ मिमी प्लास्टिक उरतं. आत एलईडी लावला की अंधारात भिंतीवर ठिपक्यांची रांग दिसते. भिंत उभी करण्याआधी आतून काळ्या रंगाचे दोन हात द्या आणि त्यावर पांढरा. काळा प्रकाश अडवतो, पांढरा खोलीत पसरवतो. भोकं वाफेसाठी असल्यामुळे हे आठवडाभर सुकल्यावरच. वळचणीला छप्पर आणि भिंतीमधल्या फटीतूनही उजेड निघतो. तिथे छपराचा ओठ काळा करा.

१२ व्होल्ट डीसीवर पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, उरलेल्या ९ व्होल्टसाठी रेझिस्टर. १ किलोओहमने ९ मिलिअँप वाहतात आणि खोली ऑपरेशन थिएटरसारखी उजळते. ४.७ किलोओहम लावा, साधारण २ मिलिअँप, जुन्या स्टेशनला हाच उजेड शोभतो. वॉर्म व्हाइट घ्या, २७०० ते ३००० केल्विन. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. समांतर जोडलेल्या चार एलईडींना मिळून एकच दिला तर उजेड असमान होतो. वीज एसी किंवा डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) रुळावरून घेणार असाल तर मध्ये ब्रिज रेक्टिफायर (वीज एकाच दिशेला वळवणारा भाग) हवा, कारण बहुतेक एलईडी उलट दिशेला ५ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत.

नवखा_स्टेशनमास्तर

सगळ्यांचे आभार. शेवटचं: ती फुगलेली भिंत वाचवता येईल का, की नवीनच करू? बाकी तीन भिंती सरळ आहेत.

रूळजोड

१६१ मिमी लांबीत २ मिमी फुगवटा असेल तर वाचेल, त्याहून जास्त असेल तर नवीन करा. आधी महिनाभर काही करू नका, सॉल्व्हंट पूर्ण निघून जाऊ द्या. नाहीतर आज सरळ केलेली भिंत पुन्हा हलेल.

मग आतल्या बाजूला, खिडक्यांच्या वर आणि खाली, भिंतीच्या पूर्ण लांबीचा २ × २ मिमीचा पितळी अँगल लावा. पितळ सॅंडपेपरने खरवडा, हळू सुकणारं इपॉक्सी लावा आणि भिंत सपाट काचेवर क्लॅम्प करून २४ तास ठेवा. इथे सॉल्व्हंट पुन्हा आणू नका, आणि सुपरग्लूही नको, तो ताणाखाली कडकन सुटतो. खिडकीचे काठ वाकलेले असतील तर काच बसवण्याआधी चौकटी सुक्या बसवून बघा, गरज पडल्यास खाच पाव मिमी वाढवा.

फाटक_क्र_९

त्याला जोडून एक. भिंत सरळ झाल्यावर इमारत नुसती जमिनीवर टेकवू नका, तळाला अंधारी फट दिसते आणि ती तरंगल्यासारखी वाटते. जोतं जमिनीच्या पातळीखाली ३ मिमी जाईल एवढं लांब ठेवा, पाटावर तेवढी खाच करा आणि इमारत त्यात बसवा, न चिकटवता. भोवतीची माती-खडी जोत्यापर्यंत आणताना जोत्याला पातळ प्लास्टिक गुंडाळा. गोंद सुकला की इमारत उचलून प्लास्टिक काढा. उरते ती केसाएवढी फट, आणि इमारत दुरुस्तीसाठी कधीही बाहेर काढता येते.

नवखा_स्टेशनमास्तर

अँगलसाठी खिडक्यांच्या वर जागा फक्त ३ मिमी आहे आणि तिथेच छपराचा ओठ येतो. मग?

कौलारू

ओठ त्या भिंतीवर अखंड ठेवायची गरज नाही. दोन्ही टोकांना २० मिमी आणि मध्ये २० मिमी ठेवा, बाकीचा कापा. जिथे ओठ उरतो तिथे तो अँगलच्या जाडीएवढा, म्हणजे २ मिमी आत सरकवा. छप्पर दोन्ही त्रिकोणी भिंतींवर अडकतंच, त्यामुळे ते हलणार नाही. उजेड बाहेर येऊ नये म्हणून कापलेल्या जागी काळ्या कागदाची पट्टी छपराच्या आतून लावा.